जिन्यावरची टकटक

या, असे जवळ सरकून बसा. ज्यांना ऐकू कमी येतं त्यांनी पुढे यावं, ज्यांना भीती वाटते त्यांनी मध्ये बसावं, म्हणजे दोन्ही बाजूंना माणूस राहील. आज भुताची गोष्ट सांगते. घाबरू नका. या गोष्टीतल्या भुताचा हात मी धरलेला आहे, आणि तितका उबदार हात मला पुढच्या आयुष्यात फार थोड्यांचा लागला.

तो जुना पांढरा-काळा सिनेमा तुम्ही पाहिला असेलच. पाहिला नसला तरी जिन्याचा प्रसंग ऐकून माहीत असेल. एक लहान मुलगी हातात मेणबत्ती घेऊन जिना चढते. वळणावर येऊन वर बघते, तर जिन्याच्या टोकाला ती उभी. गुडघ्यांपर्यंत केस, चुन्यासारखा चेहरा, काळं तोंड, त्यात लांब दात. मुलगी एक पाऊल मागे सरते. मग भुताची नखं लाकडी खांबावर वाजतात. टक. टक. टकटकटक. आणि मुलगी हसते. हसते, वर चढत जाते, भुताचा हात धरते, आणि दोघी दाराआड निघून जातात. तिथे अख्खं थिएटर गार पडायचं. माझ्या धाकट्या नणंदेनं तो सिनेमा पाहिल्यावर वर्षभर जेवणाच्या टेबलावर कुणाला बोटं वाजवू दिली नाहीत.

ती मुलगी मी.

परवा त्या सिनेमाची नवी, स्वच्छ केलेली प्रत दाखवली, तेव्हा मला बोलावून पहिल्या रांगेत बसवलं. त्या वेळच्या माणसांपैकी आता मीच उरले आहे. सिनेमा संपल्यावर एका तरुण मुलानं माइक पुढे केला. "आजी, त्या हसण्यासाठी दिग्दर्शकांनी तुम्हाला काय समजावून सांगितलं होतं?"

मी म्हटलं, "काहीच नाही."

सगळे कौतुकानं हसले. त्यांना वाटलं, आजी विनयानं बोलतायत. पुढचा प्रश्न आला, आणि खरं काय ते माझ्या पोटातच राहिलं. ते आज तुमच्यापुढे ठेवते.

माझे बाबा त्या स्टुडिओत सुतार होते. ज्यांत कुणीही राहणार नाही अशी घरं ते दिवसभर बांधायचे. भिंत दगडाची दिसे, वाजवली की प्लायवुड. खांब संगमरवरी दिसे, रेललात की हाताला रंग. मी शाळा सुटल्यावर त्यांच्याकडे जाऊन भुश्शात खेळत बसायची. तिथेच एक दिवस साहेबांनी मला पाहिलं. साहेब म्हणजे दिग्दर्शक. त्यांना सगळे तसंच म्हणत. ते उकिडवे बसले, माझी हनुवटी वर केली आणि म्हणाले, "हे डोळे मला पाहिजेत."

बाबा घरी आले ते हवेत तरंगतच. आई भाजी चिरत होती. सगळं ऐकून घेऊन ती इतकंच म्हणाली, "डोळ्यांबरोबर पोरगी पण येते, एवढं सांगितलं ना त्यांना?"

साहेब वाईट होते असं मी म्हणणार नाही. माझ्यासाठी गोळ्या आणायचे, माझे पाय दुखले तर खुर्ची मागवायचे. पण एक खूळ त्यांच्या डोक्यात पक्कं बसलं होतं: भीतीचा अभिनय होत नाही. रडण्याचा होतो, प्रेमाचा होतो, मरण्याचासुद्धा होतो. पण खोटी भीती कॅमेऱ्याला तिथल्या तिथे कळते. म्हणून त्यांनी नियम केला होता की जिन्याच्या प्रसंगापर्यंत मी भुताचं काम करणाऱ्या बाईंना बघायचं नाही आणि त्यांनी माझ्यासमोर यायचं नाही. त्यांचं येण्याचं दार वेगळं, जेवणाची वेळ वेगळी. रंग लावून झाला की त्यांना डोक्यावरून चादर पांघरून सेटवर नेत. पुढे साहेबांचा सहायक तोंडानं शिट्टी मारत चालायचा. शिट्टी ऐकू आली की जवळ जो असेल त्यानं मला उचलून भिंतीकडे तोंड करून उभं करायचं. त्या सहायकाला सगळे शिट्टीच म्हणू लागले होते. त्याला त्याचा राग नव्हता. शिट्टी मारली की मोठमोठी माणसं बाजूला होतात याचा त्याला आनंद होता.

साहेबांचं खूळ मला पहिल्यांदा कळलं ते कपाटाच्या प्रसंगात. मला सांगितलं होतं, कपाट उघड, आतली बाहुली घे. मी उघडलं. आतून एक माणूस अंगावर झेपावला. मी ओरडलेसुद्धा नाही. तशीच मागे, मागे, मागे गेले आणि पाठीवर आपटले. खाली सतरंजी होती म्हणून डोक्याला टेंगूळ येण्यावर भागलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. कपाटातला माणूस बिचारा माझ्यापेक्षा घाबरला होता. माझ्याजवळ बसून "लागलं का गं, लागलं का गं" करत होता. तोंड उघडे, शब्द निघेना.

मला माझ्या खोलीत नेऊन बसवलं. खोली कसली, एक बाक आणि आरसा. बाबा पाणी आणायला गेले. मी हुंदके गिळत होते, तेवढ्यात पाठीमागची भिंत बोलली.

"कोण गं तिकडे रडतंय?"

बायकी आवाज. जरा घोगरा, पण पांघरुणासारखा उबदार.

"बरं, बोलू नकोस. बोलायला जड जातं कधीकधी. मी गाते, तू ऐक. आवडलं तर भिंतीवर टकटक कर. नाही आवडलं तरी कर, मी गप्प बसेन."

आणि ती गाऊ लागली. देवाचं गाणं होतं, साधं, झुल्यासारखं मागेपुढे जाणारं.

आता गंमत बघा. आम्हा दोघींची तोंडं एकमेकींना दिसू नयेत म्हणून साहेबांनी वेगळी दारं केली, वेगळ्या वेळा केल्या, शिट्टी नेमली. पण स्टुडिओतली माणसं ती. दगडासारखी दिसणारी भिंत म्हणजे दगडाचीच, असं त्यांच्या अंगवळणी पडलेलं. माझी खोली आणि त्या बाईंची रंग लावायची खोली, यांच्यामध्ये बाबांच्या हातचं प्लायवुड होतं. इकडे शिंकलं तर तिकडे ऐकू जाई.

मी टकटक केली. दोनदा.

पलीकडून उत्तर आलं. टक. टक. टकटकटक.

ती माझी भिंतीमावशी. नाव विचारायचं सुचलंच नाही. ती भुताचं काम करते हेही मला कळलं नव्हतं. मला वाटे, पलीकडे कपडे शिवणारी कुणी असेल. रोज रंग लावणारा माणूस तिच्या चेहऱ्याला काहीबाही चोपडून ते वाळायला सोडून जाई, तेवढा वेळ आमचा. टक, टक, टकटकटक असं वाजलं की मी बाकावर चढून भिंतीला कान लावी, आणि ती म्हणे, "ये, जवळ बस. आज एक सुंदर आख्यान आहे." ती अर्धं सांगायची, अर्धं गायची. मध्येच थांबून विचारायची, "ऐकतेयस ना?" मी दोनदा टकटक करायची. चार दिवसांत माझी जीभ मोकळी झाली ती तिच्याशी बोलता बोलता.

तिची सगळी आख्यानं आता आठवत नाहीत. एक मात्र मनात रुतून बसलं आहे. एक पोर रानात चुकतं. देवाला हाक मारतं. देव निघतो, पण इतक्या घाईत की चांगलंसं रूप घ्यायलाही थांबत नाही. वाटेत जे हाताला लागेल ते चढवतो, आणि ते निघतं अस्वलाचं. झाडीतून अस्वल येताना बघून पोर भेदरतं. पळणार, एवढ्यात त्याला चाल ऐकू येते. रोज पहाटे घरात वावरणारी तीच पावलं. ते डोळे मिटतं आणि अस्वलाच्या गळ्यात पडतं.

इथे मावशी गाणं म्हणायची:

"रूप तुझं रे कसंही असो,
पाऊल तुझं मी ओळखीन."

"तोंड बघून घाबरायचं नाही, चिमणे," ती म्हणायची. "आधी ऐकायचं. तोंडं काय, कुणाचीही वाकडी असतात. आमच्या आत्याचं बघ, हसली तरी मांजर पळून जाई. पण तिच्यासारखी माया कुणी केली नाही."

एकदा मी विचारलं, "मावशी, तू कशी दिसतेस?"

मग ती म्हणाली, "ते सांगायचं नाही अशी मला शपथ घातलीय, बाळ. देवाची. आणि देवाची शपथ मी आजवर मोडली नाही."

मग तिनंच विचारलं, "त्या दिवशी कपाटातून माणूस आला, तेव्हा तू काय केलंस गं?"

"मागे गेले."

"बघितलंस का मागे काय आहे ते?"

"नाही."

"नेहमी अशीच मागे जातेस का, घाबरलीस की?"

"हो," मी म्हटलं. "कुत्रा आला तरी."

त्या दिवशी आख्यान झालं नाही.

तिच्या मनात काय चाललं होतं ते मला पुढे बाबांकडून कळलं. जिन्याचा सेट तेव्हा उभा राहत होता. बाबांचा जीव होता त्या जिन्यावर. उंच, छपरापर्यंत गेलेला, मध्ये एक वळण, आणि पायथ्यापासून टोकापर्यंत सुंदर घोटलेला कठडा. मी त्यावर दोनदा सराव केला होता. साहेबांनी शिकवलं होतं, "इकडेतिकडे बघायचं नाही. वरच्या दाराकडे बघत चढायचं. वळणावर थांबायचं. दाराआड तुझी आई आहे, असं समज." मी कठड्याला हात लावून चढायची. उंची मला जाणवलीच नव्हती.

मग साहेबांनी कॅमेऱ्यातून पाहिलं आणि त्यांना कठडा आडवा आला. त्या उघड्या जिन्यावर एकटी पोर, खाली काळोख, असं चित्र त्यांना हवं होतं. त्यांनी बाबांना करवत घ्यायला सांगितलं.

बाबांनी कठडा कापला. एकच खांब ठेवला, सगळ्यात वरचा, कारण भुताचा हात त्यावर टेकलेला साहेबांना आवडला होता.

दिव्यांची जुळणी करायला मावशीला चादरीखालून वर नेऊन उभं केलं. तिनं चादरीतून खाली वळणाकडे पाहिलं. उतरताना तिनं बाबांना गाठलं.

"दादा, पोर तुमची ना? ती घाबरली की मागे जाते. मागे आता काय आहे?"

बाबा तसेच साहेबांकडे गेले. साहेब म्हणाले, "अहो, मुलं अशा वेळी दगड होतात. हलणार नाही ती."

"कपाटाच्या वेळी हलली होती."

"तेव्हा माणूस अंगावर आला. ही तर लांब वर उभी असणार."

"मग खाली गाद्या टाकू."

"गाद्या दिसतील. कॅमेरा वरून बघतोय. सगळी फरशी दिसते."

"निदान पोरीला सांगू द्या की कठडा नाही."

"सांगा," साहेब म्हणाले, "की ती पायाखाली बघत चढेल आणि प्रसंग मेला. तुम्ही स्वतः खाली उभे राहा ना. तुमच्याइतका काळजीनं कोण झेलणार?"

बाबा सज्जन माणूस. साहेबांना उलट बोलणं त्यांना जमत नसे. ते 'बरं' म्हणाले. त्या 'बरं'साठी आईनं त्यांना म्हातारपणीही माफ केलं नाही, आणि त्यांनीही स्वतःला केलं नाही.

मावशीनं ठरवलं, साहेबांनी घातलेली शपथ मोडायची. दुसऱ्या दिवशी दुपारी रंग वाळताना भिंतीतून मला सगळं सांगायचं: मी अशी अशी दिसणार, मागे सरू नकोस, मागे काही नाही.

पण त्या दुपारी मी त्या खोलीत नव्हते. सकाळी शिट्टीनं मला बाकावर 'रूप तुझं रे' गुणगुणताना ऐकलं. त्यानं विचारलं, "हे कुठलं गाणं?" मी बढाई मारत म्हटलं, "भिंतीमावशीचं." त्याचा चेहरा उतरला. भिंतीवर हात फिरवून त्यानं बोटानं वाजवून पाहिलं. मग काही न बोलता माझं बखोट धरून मला स्टुडिओच्या दुसऱ्या टोकाला, हिशेबनिसाच्या कचेरीत नेऊन बसवलं. साहेबांच्या कानावर मात्र त्यानं घातलं नाही. स्वतःच्या अंगावर येईल म्हणून असेल. पलीकडे मावशीनं टकटक केली असेल. किती वेळा, कोण जाणे. इकडे रिकामा बाक.

बाहेर भर दुपार होती, डोळे दिपवणारी. सेटच्या आत शिरलं की विहिरीत उतरल्यासारखा अंधार. मला पांढरा झगा घातला होता. शिट्टीनं हातात मेणबत्ती दिली. साहेब माझ्यापुढे वाकले.

"काय करायचं?"

"दाराकडे बघत चढायचं. वळणावर थांबायचं."

"शहाणी. काही झालं तरी मी 'थांबा' म्हणेपर्यंत बाहेर पळायचं नाही. आणि आवाज नको. कुणाचाच आवाज नको," हे त्यांनी सगळ्यांकडे वळून म्हटलं. "जो खोकेल त्यानं उद्या येऊ नये."

त्या काळी चित्र आणि आवाज एकदमच घेत. साठ-सत्तर माणसं श्वास गिळून उभी. वर टांगलेल्या पाळण्यात कॅमेऱ्यावाले काका. मला बाबा दिसले नाहीत. मी आजूबाजूला शोधलं. ते खाली काळोखात होते, दिव्यांच्या रेघेच्या बाहेर, हात पसरून. रेघेच्या आत येतील तर चित्रात दिसतील, म्हणून शिट्टीनं त्यांना तिथेच उभं केलं होतं.

मी चढू लागले. ज्योतीचा उजेड डोळ्यांवर, त्यामुळे पलीकडचं काही दिसेना. हात सवयीनं कठड्याकडे गेला, आणि काही लागलं नाही. मला वाटलं, मीच भिंतीच्या बाजूनं चालतेय. दाराकडे बघायचं, दाराकडे बघायचं. वळण आलं. थांबले.

वरचा दिवा लागला.

मी तुम्हाला सिनेमातलं भूत सांगितलं, पण ते तुम्ही पडद्यावर पाहिलेलं. मी ते प्रत्यक्ष समोर पाहिलं. चेहऱ्याचा चुना फुटून भेगा पडलेल्या. डोळ्यांच्या जागी खड्डे. तोंडातून बाहेर आलेले मेणाचे दात, इतके मोठे की तोंड मिटत नव्हतं. ते माझ्याकडे बघत होतं.

ओरडावं असं वाटलं आणि कपाटाच्या वेळसारखाच आवाज मेला. पाय मात्र निघाले. मागे.

एक पाऊल.

बाबा नंतर म्हणाले, "तुझी टाच बाहेर होती. खालून मला चपलेचा तळवा दिसत होता. मी धावायला पाय उचलला, पण मला तेव्हाच कळलं की मी पोचत नाही."

ते ओरडू शकत होते. ओरडले असते तर मी दचकून आणखी मागे गेले असते. म्हणून त्यांनी स्वतःचं मनगट चावून धरलं होतं. साहेबांनाही दिसलं होतं; त्यांच्या तोंडून 'थांबा' निघेना. आपणच बनवलेल्या शांततेत सगळे अडकले होते.

आणि वर मावशी. तिच्या तोंडात दात. तिला शब्द काढता येत नव्हता. काढला असता तरी त्या तोंडातून घुरघुर निघाली असती आणि माझं दुसरं पाऊल पडलं असतं. पुढे यावं, तर भूत पुढे येतंय असं मला दिसलं असतं. तिच्यापाशी होता बाबांचा उरलेला तेवढा खांब, त्यावर टेकलेला हात, आणि बोटांना चिकटवलेली शिंगाची नखं.

टक. टक.

माझं उचललेलं पाऊल तिथेच राहिलं.

टकटकटक.

मी ऐकलं. तोंड बघू नये, आधी ऐकावं. मला दुसरं काही सुचलं नव्हतं. रोजच्या सवयीनं माझं बोट मेणबत्तीच्या बुडाशी हललं. दोनदा. आज मोठे मोठे लोक लिहितात की मुलीच्या बोटाची ती सूक्ष्म हालचाल म्हणजे तिच्यात शिरलेल्या दुष्ट शक्तीची खूण आहे. लिहोत बापडे. ते "ऐकतेय, मावशी" एवढंच होतं.

वरून पुन्हा आलं. टक. टक. टकटकटक.

ये, जवळ बस.

मग मला हसू आलं. इतक्या दिवसांनी मावशी दिसली होती, आणि बिचारी काय दिसत होती. घाईत हाताला लागलं ते चढवून आली होती. मी पाऊल पुढे टाकलं. मग दुसरं. ती जागची हलली नाही, फक्त नखं वाजवत राहिली, मला दोरीनं ओढून घ्यावं तशी. मी वर पोचले. तिनं हात पुढे केला, मी धरला. उबदार होता तो हात. तिनं मला आपल्या आतल्या बाजूला घेतलं, भिंतीच्या बाजूला, आणि दाराआड नेलं.

दाराआड म्हणजे फळ्यांचा एक छोटा माळा. तिथे ती मटकन खाली बसली आणि मला छातीशी धरलं. तिला बोलता येत नव्हतं. चुन्यावरून पाणी वाहत होतं.

खाली साहेबांना आवाज सापडला. "थांबा. नाही, नाही, हे काय झालं? भीती कुठे गेली? ही हसली का? परत घ्यायचं. मेणबत्ती बदला. पोरीला खाली आणा."

मावशीनं ते ऐकलं. मला तिथेच बसवलं, बोटानं 'हलू नकोस' सांगितलं, आणि दार उघडून बाहेर गेली. जिन्याच्या टोकाला, सगळ्या दिव्यांत उभी राहिली. आधी तिनं दात उपसून काढले. मग केसांचा टोप. मग बाहीनं खसाखसा तोंड पुसलं. दाराच्या फटीतून मी बघत होते. रंगाखालून एक गोल, थकलेली, नाकावर तीळ असलेली बाई बाहेर आली.

"ये गं," ती माझ्याकडे वळून म्हणाली. "बघ, अशी दिसते मी."

मी बाहेर आले.

"बाई," साहेब म्हणाले, "तुम्हाला कळतंय का, काय केलंत?"

"कळतंय. आता परत घ्या साहेब, कितीदाही घ्या. मला बघून ही पोर घाबरायची नाही."

"देवाची शपथ घेतली होती तुम्ही."

"घेतली होती. मोडली. त्याचं काय ते देव आणि मी बघून घेऊ, आमचं जुनं येणंजाणं आहे. तुम्ही जरा खालचे दिवे लावायला सांगा."

कुणी हलेना. शेवटी कॅमेऱ्यावाल्या काकांनी वरूनच हाक दिली आणि खालचे दिवे लागले.

बाबा अजून तिथेच उभे होते, हात पुन्हा पसरून. जिथे मी पडले असते ती उघडी फरशी त्यांच्या हातांपासून एवढी लांब होती की मध्ये एक बैलगाडी उभी राहिली असती. त्यांच्या मनगटातून रक्त येत होतं. दिवे लागले तरी त्यांना हात खाली घ्यायचं सुचत नव्हतं.

साहेबांनी त्यांच्याकडे पाहिलं. वळणाकडे पाहिलं. मग परत बाबांकडे. त्यांनी टोपी काढली, पुन्हा घातली आणि सेटवरून निघून गेले. त्या दिवशी काम झालं नाही.

मावशी मला घेऊन जिना उतरली. स्वतः कडेनं, मी भिंतीकडून. मी विचारलं, "देव तुला रागावेल?"

"रागावला तर ऐकून घेईन. तोही कधीतरी माझं ऐकतोच." मग खाली आल्यावर तिनं बाबांचे पसरलेले हात स्वतःच्या हातांनी खाली घेतले आणि त्यांत मला ठेवलं. "घ्या दादा. सांभाळा."

एवढंच. त्यानंतर ती मला दिसली नाही.

मी दुसऱ्या दिवशी माझ्या जुन्या खोलीत पळत गेले, बाकावर चढले, टकटक केली. खूप केली. शेवटी पलीकडून शिट्टीच बोलला, "नको गं वाजवू. नाहीये ती. काढलं तिला." आणि जरा थांबून, "मी साहेबांना काही बोललो नव्हतो. तिला सांगशील, भेटली तर?"

उरलेलं काम दुसऱ्या एका बाईंकडून पाठमोरं करून घेतलं. जिन्याचा प्रसंग मात्र दुसरा कुठून आणणार? भीती परत यायला मला तिची ओळख विसरावी लागली असती. साहेबांनी होता तोच ठेवला. आणि लोक जे घाबरले, ते आजवर घाबरतायत. लहान पोर मायेनं कुणाच्या हातात हात देतं, याला एवढं का घाबरावं, हे मला अजून उलगडलेलं नाही. पण पडद्यावर तिचं नाव आलं नाही. शपथ मोडणाऱ्या बाईचं नाव साहेबांनी घातलं नाही. न्यायानं बोलायचं तर हेही सांगते: बाबा म्हणत, पुढे साहेबांच्या कुठल्याही सेटवर कठडा कापला गेला नाही. कॅमेरा वाकडा करावा लागला तरी चालेल, पण कठडा राहील, असं ते सांगत. कारण कधी सांगत नसत.

बाबांनी मावशीची पुष्कळ चौकशी केली. कुणी म्हणे बहिणीकडे गेली, कुणी म्हणे कुठेतरी गात असते, चार माणसं गोळा करून देवाची आख्यानं सांगते. हे दुसरं मला खरं वाटतं. मी जिथे जिथे असं गाणं-सांगणं ऐकायला बसले, तिथे आधी त्या बाईच्या नाकाकडे पाहिलं. तीळ दिसला नाही. पण प्रत्येकीत थोडी थोडी ती सापडत गेली, हे खरं.

त्या माइकवाल्या मुलाला मी हे सांगू शकले नाही, कारण त्याला साहेबांनी काय सांगितलं ते हवं होतं. तुम्ही मात्र जवळ येऊन बसलात, म्हणून तुमच्याकडे एक मागते. तो सिनेमा पुन्हा लागेल. दिवे मालवतील. मुलगी वळणावर येईल, तिची टाच बाहेर जाईल, आणि अंधारात लाकडावर नखं वाजतील. तेव्हा डोळे मिटलेत तरी चालेल. पण कान उघडे ठेवा, आणि माझ्या भिंतीमावशीची आठवण काढा. पडद्यावर तिचं नाव नाही. तुमच्या मनात तरी तिला जागा द्या.